शिक्कू म्हणजे खाणारी तोंडं: कोरियन येबे आणि नंतरचं जेवण

प्रश्न असा आला आहे: "मी दीड वर्षापासून सुवॉनमधल्या एका कंपनीत आहे. आमच्या बुजांगनिमनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, येत्या रविवारी त्यांच्या चर्चला बोलावलंय आणि येबे, म्हणजे उपासना, झाल्यावर जेवूनच जा म्हणालेत. मी सांगली जिल्ह्यातल्या वारकरी घरातला, गळ्यात माळ आहे, मांस-मासे-अंडी खात नाही. कोरियन कामापुरतं येतं. तिथे गेल्यावर कसं वागायचं? आणि येबे संपली की जेवणाआधी हळूच निघालो तर चालेल का?"

शेवटचा प्रश्न आधी घेते. नाही, चालणार नाही. एक वेळ येबेला उशिरा पोचलात तरी कुणी मनावर घेणार नाही, पण जेवणाआधी निघालात तर बुजांगनिमच्या मनाला लागेल. आपल्याकडे भरल्या पानावरून उठून गेलेल्या पाहुण्याबद्दल घरच्यांना जे वाटतं, तेच. फक्त ते बोलून दाखवणार नाहीत.

मी मूळची नगरची. घरात चार पिढ्या ख्रिस्ती. रविवारची उपासना आणि सणावारी मंडळीचं, म्हणजे चर्चच्या समुदायाचं, प्रीतिभोजन यांत वाढले. सोळा वर्षं तेजॉनमध्ये आहे. आठवडाभर कारखान्यांत दुभाष्याचं काम करते आणि रविवारी आमच्या मंडळीत येणाऱ्या परदेशी पाहुण्यांच्या शेजारी बसून त्यांच्या कानात भाषांतर करते. नेपाळी, व्हिएतनामी, तमिळ आणि बरेचसे मराठी पाहुणे माझ्या शेजारी बसून गेले. त्यामुळे तुमच्या मनात काय चाललं असेल, याचा मला चांगला अंदाज आहे.

कोरियन भाषेत घरच्या माणसांना 'शिक्कू' म्हणतात. चिनी अक्षरांवरून आलेला शब्द आहे: 'शिक' म्हणजे खाणं, 'कू' म्हणजे तोंड. आपण म्हणतो ना, 'घरात खाणारी तोंडं किती?' तंतोतंत तेच. रक्ताचं नातं, आडनाव या गोष्टी पुढच्या. एका भांड्यातलं खातात ती एका घरची, असा त्या शब्दाचा हिशेब आहे. चर्चमध्ये पहिल्यांदा आलेल्या माणसाला 'सेगाजोक' म्हणजे 'घरातला नवा माणूस' म्हणतात. पण तो घरातला होतो तो तळघरातल्या जेवणाच्या खोलीत. येबेत तुम्ही तास-सव्वा तास लोकांच्या पाठी बघत बसता. लोकांची तोंडं दिसतात ती जेवताना.

आधी बुजांगनिमना विचारून घ्या, की जायचंय ते 'क्योह्वे' की 'संगदांग'. क्योह्वे म्हणजे प्रॉटेस्टंट मंडळी, संगदांग म्हणजे कॅथलिक. 2015 च्या जनगणनेत दक्षिण कोरियातले 19.7 टक्के लोक प्रॉटेस्टंट आणि 7.9 टक्के कॅथलिक होते, आणि निम्म्याहून जास्त लोकांनी कोणताच धर्म नोंदवला नव्हता. दोन्हीकडची भाषासुद्धा वेगळी. प्रॉटेस्टंट देवाला 'हानानिम' म्हणतात, कॅथलिक 'हानुनिम'. संगदांगात मिस्सा असते, बऱ्याच बायका डोक्यावर पांढरा जाळीदार रुमाल घेतात. तुम्ही 'येबे' हा शब्द लिहिलाय आणि जेवूनच जायचा आग्रह आहे, म्हणजे बहुधा क्योह्वे. पुढचं सगळं तेच धरून सांगते.

मोठ्या मंडळीत रविवारी सकाळपासून तीन-चार येबे होतात. अकराच्या सुमाराची मुख्य. पंधरा मिनिटं आधी पोचा. कपडे साधे, नीटनेटके, ऑफिसला घालता तसे. मोजे मात्र धड असू द्या, कारण लहान मंडळीत जेवणाची खोली ओन्दोलची, म्हणजे खालून ऊब देणाऱ्या जमिनीची असते आणि तिथे चपला-बूट बाहेर काढावे लागतात. दारात उभी असलेली माणसं कमरेतून वाकून स्वागत करतील. तुम्हीही मान आणि खांदे वाकवा. हात जोडायची गरज नाही. गळ्यातली माळ काढू नका, शर्टाच्या आतही लपवू नका. कुणी विचारलं तर सरळ सांगा.

दारातच हातात एक घडीचा कागद देतील, तो 'जुबो'. त्या रविवारचा सगळा कार्यक्रम त्यात छापलेला असतो. कोरियन कामापुरतं येत असलं तरी हंगुल, म्हणजे कोरियन लिपी, वाचता येत असेल, तर जुबोच्या आधाराने तुम्ही पूर्ण येबे पार पाडाल. काही ओळींच्या आधी छोटी चांदणी असते. चांदणी असली की उभं राहायचं. एवढं कळलं की अर्धी भीती गेली. बाकी क्रम आमच्या मराठी उपासनेसारखाच: गीत, विश्वासांगीकार (श्रद्धेची ठरलेली कबुली), एका 'वडिलांची', म्हणजे मंडळीने निवडलेल्या कारभाऱ्याची, सगळ्यांच्या वतीने प्रार्थना, शास्त्रवाचन, गायकवृंदाचं गीत, प्रवचन, दानार्पण, मंडळीच्या सूचना, आशीर्वाद. गीतांचे शब्द हल्ली पडद्यावर येतात. त्यांच्या गीतांच्या पुस्तकात 645 गीतं आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा चाली मला नगरपासून पाठ होत्या. पहिल्या रविवारी शब्द एकही कळत नव्हता, पण चाल ओळखीची निघाली आणि मी मराठी शब्दांत गुणगुणत राहिले. शेजारच्या आजींनी वळून बघितलं आणि आपलं पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

प्रवचन समजलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. चर्चमधली कोरियन ही कारखान्यातली कोरियन नव्हे. प्रार्थनेतली क्रियापदं 'ओप्सोसो', 'नायिदा' अशा जुन्या, अतिआदराच्या रूपांनी संपतात, जी रस्त्यावर कुणी बोलत नाही. आपल्या जुन्या अभंगांची भाषा आणि आजची बोली यांत जेवढं अंतर, तेवढंच समजा. तुमच्यासाठी एकच खूण पुरेशी आहे: 'येसुनिमे इरुमुरो किदोहाम्निदा' हे शब्द कानावर पडले की प्रार्थना संपली, आता सगळे 'आमेन' म्हणणार. प्रवचन चालू असतानाही मधूनमधून लोक 'आमेन' म्हणतात. कीर्तनात श्रोते बुवांना साथ देतात तसं.

एका गोष्टीची मात्र आधीच कल्पना देते, कारण माझ्या शेजारचे पाहुणे तिथे हमखास दचकतात. मोक्सानिम, म्हणजे पाळक, म्हणतात 'आता सगळे मिळून प्रार्थना करू', आणि पुढच्या क्षणी अख्खी मंडळी एकाच वेळी, मोठमोठ्याने, ज्याची त्याची प्रार्थना बोलू लागते. कधी आधी तीनदा 'जुयो!' म्हणजे 'प्रभो!' अशी हाक होते. कुणी हात वर करतं, कुणी पुढेमागे डुलतं, कुणी रडतं. याला 'थोंगसंग किदो' म्हणतात. 1907 च्या जानेवारीत प्योंगयांगच्या जांगदेह्योन मंडळीत जी मोठी धर्मजागृती झाली, तिथपासून ही रीत कोरियन चर्चमध्ये घट्ट रुजली. मराठी माणसाला हे अगदी परकं वाटायचं कारण नाही. त्याच्या दोनच वर्षं आधी, 1905 मध्ये, केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली आणि बायका अशाच एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत होत्या. तुम्ही त्या वेळी डोळे मिटून शांत बसा. मनात विठ्ठलाचं नाव घेतलंत तरी ते तुमच्या मनात आहे. चारपाच मिनिटांत आवाज ओसरतो. पहिल्यांदा दचकलेली माणसं नंतर मला विचारतात, "ते लोक काय मागत होते?" मुलाची नोकरी, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, भावाशी तुटलेलं बोलणं. देवाकडे जे सगळीकडे मागतात तेच.

दानाचं थोडक्यात. कुठे पिशवी फिरते, कुठे दारातच पेटी असते. पाहुण्याने टाकलंच पाहिजे असं नाही. टाकायचं असेल तर पाच-दहा हजार वॉन पुष्कळ झाले. दाराजवळच्या मांडणीत निरनिराळी पाकिटं लावलेली दिसतील, कृतज्ञतेचं वेगळं, दशमांशाचं, म्हणजे मिळकतीच्या दहाव्या हिश्श्याचं, वेगळं. पाकिटावर नाव लिहिलंत तर ते पुढच्या आठवड्याच्या जुबोत छापून येऊ शकतं. नको असेल तर पाकीट न घेता सुटी नोट टाका. आणि त्या दिवशी 'संगछान्शिक', म्हणजे प्रभुभोजन असलं, तर भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाची छोटी पेली फिरेल. ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं. ताट तुमच्यापुढे आलं की हलकेच मान लववून पुढे द्या. त्यात काही अपमान नाही, उलट जाण असलेला पाहुणा म्हणून लोक बघतात. या भोजनाची आणि तळघरातल्या जेवणाची गल्लत करू नका. तळघरातलं सगळ्यांचं आहे.

सूचनांच्या वेळी नव्या पाहुण्यांना उभं करतात. सगळे टाळ्या वाजवतात, कधी तुमच्या दिशेने हात पसरून आशीर्वादाचं गाणं म्हणतात. लाज वाटेल, पण वाकून नमस्कार करा आणि 'आन्योंग हासेयो' म्हणा, तेवढं पुरे. नंतर कुणीतरी नोंदणीचं कार्ड पुढे करेल: नाव, जन्मतारीख, फोन, कुणी आणलं. भरायची इच्छा नसेल तर 'ओनुरुन पांगमुनमान हेस्सोयो', आज फक्त भेटीला आलोय, असं हसून सांगा. बाहेर पडताना दारात मोक्सानिम उभे असतात. हस्तांदोलन करताना डावा हात उजव्या मनगटाला लावून थोडं वाका.

आता जिने उतरून खाली.

तळघराच्या जिन्यावरच वास येतो. सुक्या म्योल्छीचा, म्हणजे छोट्या माशांचा उकळता रस्सा, लसूण, तिळाचं तेल. लोखंडी पायांची लांब घडीची टेबलं, त्यांवर पातळ प्लॅस्टिकचा कागद, आणि एका बाजूला माणूस आत बसेल एवढी पातेली. रांगेत उभं राहायचं, स्टीलचं खणांचं ताट उचलायचं, चमचा आणि चॉपस्टिक्स घ्यायच्या. पंगत बसत नाही, पण वाढणाऱ्या बायका अगदी आपल्या पंगतीतल्यासारख्याच: नको म्हटलं की दुप्पट वाढतात. काही ठिकाणी हजार-दोन हजार वॉनचं कूपन असतं, पाहुण्याचं कूपन यजमान काढतो. जुबो उलटून बघा, बऱ्याचदा आतल्या पानावर छोट्या अक्षरांत लिहिलेलं असतं, की आजचं जेवण अमुक घराकडून आहे: नातवाचे शंभर दिवस झाले म्हणून, वडिलांची आठवण म्हणून. आपल्या अन्नदानाच्या फळ्यासारखं. जुन्या मंडळ्यांत 'संगमी'ची रीत होती आणि काही ठिकाणी अजून आहे. घरची बाई रोज भात लावताना चमचाभर तांदूळ बाजूला एका पिशवीत टाकायची आणि रविवारी ती पिशवी चर्चला द्यायची. शाळा-वसतिगृहांसाठी आपल्याकडे जमवायचे तो मुष्टिफंड, त्याचीच ही बहीण.

हे जेवण सुरू राहिलं यामागे अगदी साधी गरज होती. लोक लांबून चालत यायचे आणि दिवसात दोन येबे असायच्या. पुढे संध्याकाळची येबे बऱ्याच मंडळ्यांनी दुपारी दीड-दोनला आणली. मग मधल्या वेळात माणसं जाणार कुठे? एक मोठं पातेलं चढवलं की प्रश्न मिटतो. त्यामुळे पदार्थ असे असतात, जे शे-दोनशे माणसांना झटपट वाढता येतील: बिबिम्बाप म्हणजे भाज्या घालून कालवायचा भात, जान्छी कुक्सू म्हणजे रश्श्यातल्या शेवया, मियोक्कुक म्हणजे समुद्री शेवाळाचं सार, तिखटजाळ युक्केजांग. सोबत किमची, म्हणजे आंबवलेली तिखट कोबी, असणारच.

माळकरी माणसाची अडचण इथेच आहे, म्हणून नीट सांगते. 'भाजी आहे' या त्यांच्या शब्दावर विसंबू नका. ते फसवत नाहीत. त्यांच्या मनात मांस म्हणजे डोळ्यांना दिसणारा तुकडा, रश्श्यात उकळून काढून टाकलेली म्योल्छी त्यांच्या हिशेबात मांस नसतेच. मियोक्कुकमध्ये बहुधा गोमांस असतं. युक्केजांग तर गोमांसाचंच. शेवयांचा रस्सा माशांचा. आणि किमचीत बहुतेक वेळा 'जोत्काल', म्हणजे खारवलेली कोळंबी किंवा मासे मुरवून केलेला द्रव घातलेला असतो, तो दिसत नाही. तुमच्यासाठी काय उरतं? पांढरा भात, आणि 'नामुल', म्हणजे पालेभाज्या, मोड आलेले सोयाबीन, गाजर हे उकडून तिळाच्या तेलात कालवलेले प्रकार. त्यांतही कुठे माशाचा सॉस घातलाय का, ते विचारावं लागतं. बिबिम्बापचा दिवस असला तर तुमचं नशीब चांगलं: वाटी वाढायच्या आधीच अंडं आणि खिमा नको म्हणून सांगा. वरून घालायच्या कोचुजांगमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, कधी खिमा परतलेला असतो, तेही विचारा.

वाक्य एकच पाठ करू नका. 'कोगी आन मोगोयो', मांस खात नाही, एवढंच म्हणालात तर मासे वाढतील. पुढे जोडा: 'सेंगसन्दो, सेउदो, केरान्दो आन मोगोयो', मासेही नाही, कोळंबीही नाही, अंडंही नाही. आणि मग कारण सांगा: देवाला दिलेला शब्द आहे. या लोकांना ते कारण लगेच पटतं. ही माणसं भल्या पहाटे उठून पहाटेच्या प्रार्थनेला जातात, अडचणीच्या काळात उपास धरतात. व्रत म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. तब्येतीचं कारण पुढे केलंत तर 'थोडंसं खा, काही होत नाही' असा आग्रह होईल. व्रताचं खरं कारण सांगितलंत तर आग्रह थांबेल. हे मी एकदा-दोनदा नव्हे, कितीतरी वेळा पाहिलंय. त्या रविवारी एकादशी असेल तर 'कुमशिक' हा उपासाचा शब्द सांगा, पण त्याचा त्यांचा अर्थ पूर्ण निराहार असा आहे, त्यामुळे फळं, रताळं चालतं हे वेगळं सांगावं लागेल.

एक चांगली गोष्ट म्हणजे, कंपनीच्या पार्टीत तुम्हाला जो सोजूचा पेला चुकवावा लागतो, तो इथे पुढे येणार नाही. कोरियन प्रॉटेस्टंट मंडळीत दारू नाही. जेवणानंतर कागदी पेल्यात पाकिटातली गोड कॉफी मिळेल, तीच इथली खरी मेजवानी.

ताटावरचे नियम थोडे आहेत. मोठ्या माणसाने चमचा उचलेपर्यंत थांबा. 'जाल मोक्केस्सुम्निदा' म्हणून सुरुवात करा. भात आणि रस्सा चमच्याने, बाकीचं चॉपस्टिक्सने. वाटी हातात उचलून तोंडाला लावू नका. चॉपस्टिक्स भातात उभ्या खोवू नका, ते मृतांच्या विधीतलं आहे. नाक शिंकरायचं असेल तर उठून बाहेर जा. ताटात टाकू नका. कमी वाढून घ्या आणि पुन्हा मागा, दुसऱ्यांदा घेतलेलं पाहून वाढणारीचा चेहरा खुलतो.

माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या रविवारची गोष्ट. समोर एक ग्वोन्सानिम बसल्या होत्या. ग्वोन्सा म्हणजे मंडळीतली वडीलधारी, जबाबदारी दिलेली स्त्री. त्या पंचाहत्तरीच्या, मला कोरियन येत नव्हतं, त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी चॉपस्टिक्सने किमचीचं लांब पान तोडायची धडपड करत होते. त्यांनी एक शब्द न बोलता प्लॅस्टिकचा मोजा चढवला, पान हाताने उभं फाडलं, त्याची घडी केली आणि माझ्या चमच्यातल्या भातावर ठेवली. मग थांबून राहिल्या. मी खाल्ल्यावर दुसरं पान फाडलं. माझी आई नगरला अशीच भाकरीचा तुकडा मोडून त्यावर ठेचा ठेवून द्यायची. मी त्या दिवशी रडले, आणि त्यांनी तिखट लागलं समजून पाणी आणून दिलं. आज त्या नाहीत. पण कोरियातलं माझं पहिलं घर कुठलं असं कुणी विचारलं, तर मी त्या टेबलाचं नाव सांगते.

बोलणं काय होईल? वय, लग्न, आईवडील; पगार सोडला तर सगळंच विचारतील. 'जेवलात का?' हे त्यांचंही कुशल विचारणं आहे, त्यामुळे गावाकडच्या माणसाला इथे अवघडायला होत नाही. माळेबद्दल कुणी विचारलं तर वारीबद्दल सांगा: लाखो माणसं चालत जातात, वाटेत गावंच्या गावं त्यांना जेवू घालतात. मी हे अनेकदा कोरियनमध्ये सांगितलंय. ऐकणाऱ्याचा चमचा थांबतो.

ते तुम्हाला ख्रिस्ती करायला बघतील का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. मी स्वतः विश्वासणारी आहे, म्हणून आडपडदा न ठेवता सांगते. हो, त्यांना मनापासून वाटेल, की तुम्ही विश्वासात यावं. ते तुमच्यासाठी प्रार्थना करतील आणि पुढच्या रविवारीही बोलावतील. यात लबाडी नाही, जे त्यांना मोलाचं वाटतं ते ते तुमच्यापुढे ठेवताहेत. नको असेल तर वाद घालू नका आणि तोंडदेखलं 'हो'ही म्हणू नका. 'सेंगगाखे पोल्केयो', विचार करून बघतो, असं म्हणालात की कोरियन माणूस समजून घेतो. आणि बुजांगनिमना आधीच स्पष्ट करा: तुमच्या बोलावण्याचा मान म्हणून येतोय, माझी माळ माझ्या गळ्यात राहणार. त्यानंतर तुम्ही खुल्या मनाने बसाल.

स्टेशनबाहेर किंवा विद्यापीठाजवळ अनोळखी जोडी येऊन 'छोटी प्रश्नावली भरा', 'बायबलचा मोफत वर्ग आहे' म्हणते, तेव्हा मात्र सावध राहा. जिथे मंडळीचं नाव विचारल्यावर उत्तर टाळलं जातं, तिथे जाऊ नका. मुख्य प्रवाहातल्या मंडळ्याच अशा काही गटांना 'इदान', म्हणजे पाखंडी म्हणतात आणि आपल्या दारावर त्यांना प्रवेशबंदीची पाटी लावतात. बुजांगनिम वर्षानुवर्षं जातात ती मंडळी आणि रस्त्यावरचं हे बोलावणं, यांची गाठ घालू नका.

जेवण झाल्यावर 'जाल मोगोस्सुम्निदा' म्हणा, उरलंसुरलं वेगळ्या बादलीत टाका आणि ताट मोरीपर्यंत स्वतः न्या. तिथे तुम्हाला तुमचे बुजांगनिम कोपरापर्यंत लाल रबरी हातमोजे घालून ताटं घासताना दिसले, तर गोंधळू नका. पाळी ठरलेली असते, आणि मंडळीतली उतरंड कंपनीच्या उतरंडीपेक्षा वेगळी चालते. उत्तर जॉल्ला प्रांतात गिम्जेजवळ कुमसान नावाची मंडळी आहे. तिचं 1908 चं लाकडी चर्च काटकोनात बांधलंय, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, आणि कोपऱ्यात दोघांनाही दिसेल असं व्यासपीठ. त्या मंडळीत छो दक-साम नावाचे जमीनदार होते आणि त्यांच्याकडे राबणारा ई जा-इक हा गडी. वडील निवडायची वेळ आली तेव्हा लोकांनी जमीनदाराला सोडून गड्याला निवडलं. छो दक-साम यांनी तो कौल मान्य केला, त्याच्या हाताखाली मंडळीत सेवा केली आणि पुढे त्याच्या पाळकपणाच्या शिक्षणाला आधार दिला. तोच ई जा-इक पुढे प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या महासभेचा तीन वेळा अध्यक्ष झाला. आमचे मोक्सानिम ही गोष्ट सांगतात तेव्हा भांडी घासण्याच्या यादीत नावं पटापट भरतात. तुम्हीही बाह्या वर करा आणि 'मी पुसतो' म्हणा. पहिल्या दिवशी नको म्हणतील. तरी एखादं फडकं हातात घ्या.

काय न्यायचं? फळांची पेटी किंवा 'तोक', म्हणजे तांदळाची मिठाई. आपल्याकडचं काही न्यायचं असेल तर चिक्की, राजगिऱ्याचे लाडू आवडीने खातात. पण देवळातून आलेला प्रसाद किंवा नैवेद्य दाखवलेले पेढे नेऊ नका. पूर्वजांच्या विधीत ठेवलेलं अन्न खावं की नाही यावर कोरियन ख्रिस्ती घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या कुरबुरी झालेल्या आहेत. अनेक घरं तो विधी सोडून त्या दिवशी 'छुदो येबे', म्हणजे स्मरणाची उपासना करतात. तुमचा प्रसाद त्यांच्या हातात पडला तर त्यांना नकार देणंही जड आणि खाणंही जड. त्यांना त्या पेचात टाकू नका, जसं त्यांनी तुम्हाला माशांच्या रश्श्याच्या पेचात टाकू नये असं आपल्याला वाटतं.

तुम्ही दोनचारदा गेलात आणि मन रमलं, तर एखाद्या रविवारचं जेवण तुमच्याकडून द्या. आम्ही तीन मराठी कुटुंबांनी मिळून ऐंशी माणसांचा मसालेभात केला होता. इथल्या चिकट तांदळाचा मसालेभात होत नाही, म्हणून मी आन्सानच्या वोन्गोक-दोंगमधून लांब दाण्याचा तांदूळ आणि गोडा मसाल्याचे जिन्नस आणले. मसाला भाजायला घेतला तसा अख्ख्या तळघरात दगडफुलाचा वास भरला. वाढणाऱ्या बायका काम टाकून कढईभोवती उभ्या राहिल्या. भाताबरोबर त्यांनी किमचीच घेतली, आणि काकडीची कोशिंबीर दोनदा संपली.

साथीच्या काळात हे सगळं बंद झालं होतं. 2020 च्या फेब्रुवारीनंतर येबे फोनच्या पडद्यावर आली. पुढे मोजक्या लोकांना वरच्या सभागृहात बसू दिलं, मध्ये खुर्च्या मोकळ्या सोडून. पण तळघराला कुलूप. आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या बायका येबे संपल्यावर सवयीने जिन्यापर्यंत जायच्या आणि परत फिरायच्या. एकट्या राहणाऱ्या किती जणी आठवड्यात एकदाच कुणाबरोबर जेवत होत्या, ते आम्हाला तेव्हा कळलं. 2022 च्या एप्रिलमध्ये निर्बंध उठले आणि पहिलं पातेलं पुन्हा चढलं, तेव्हा साधं सोयाबीनच्या मोडांचं सार होतं. रांग जिन्यावरून वर रस्त्यापर्यंत गेली होती. त्या दिवशी कुणी घाईने उठलं नाही. दुपारची येबे अर्धा तास उशिरा सुरू झाली.

आता तुमचं काम. बुजांगनिमना निरोप शुक्रवारीच द्या, रविवारी सकाळी नको. रस्सा शनिवारी संध्याकाळीच चढतो आणि भाज्या तेव्हाच निवडून होतात. काय खात नाही याची यादी कोरियनमध्ये कागदावर लिहून द्या: मांस, मासे, कोळंबी, जोत्काल, म्योल्छीचा रस्सा, अंडं. खाली लिहा, की पांढरा भात, नामुल आणि भाजलेला शेवाळाचा कागद मला पुरेल. स्वयंपाकघरातलं कुणीतरी तो कागद भिंतीला चिकटवेल आणि तुमच्यासाठी एक वाटी झाकून वेगळी ठेवेल. वाटी कुणी ठेवली ते विचारून घ्या, आणि निघण्याआधी त्यांच्यासमोर जाऊन वाका.